दिवाळी पहाटेचा साउंड कोणाकडून घ्यावा: मंडपवाला, साउंडवाला की इव्हेंट कंपनी?

गायक ठरतात, तारीख ठरते, फराळाची ऑर्डरही जाते, आणि साउंडचं मात्र "मंडपवालाच आणेल" एवढ्यावर राहतं. आमच्या सोसायटीच्या दिवाळी पहाटेचं पहिली तीन वर्षं असंच चाललं. तिसऱ्या वर्षी गायिकेने अभंगाचा पहिला आलाप घेतला आणि माईकने शिट्टी मारली. मिक्सरवर, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज एकत्र करून कमीजास्त करणाऱ्या यंत्रावर, बसलेला मुलगा चहाला गेला होता. पुढच्या रांगेतल्या आजी-आजोबांनी कानांवर हात ठेवले, मागच्या रांगांना शब्दच कळत नव्हते, आणि गायिका दर दोन ओळींनी "माझा आवाज मला येत नाही" अशी खूण करत होती. कार्यक्रमानंतर तिने एका शब्दानेही तक्रार केली नाही, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून साउंडचं काम मी स्वतःकडे घेतलं.

त्यानंतर आम्ही मंडपवाला, स्वतंत्र साउंडवाला आणि एका वर्षी इव्हेंट कंपनी असे तिन्ही प्रकार करून पाहिले. व्याख्यानांसाठी सभागृहाची आतली यंत्रणाही वापरली. यंदा ज्यांच्या गळ्यात हे काम पडलंय त्यांच्यासाठी ही तुलना. कार्यक्रम असा धरलाय: सोसायटीचं मैदान, चारशे-पाचशे खुर्च्या, दोन-अडीच तासांचं गाणं.

आधी नियम, कारण निवड तिथूनच सुरू होते

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सवलत देऊ शकतं, पण ती रात्री 10 ते 12 अशी. पहाटेला तिचा उपयोग नाही. याच नियमांमुळे सवाई गंधर्व महोत्सवातल्या रात्रभर रंगणाऱ्या मैफलींनाही वेळ आवरावी लागली, तिथे आपल्या सोसायटीची काय कथा! तेव्हा पत्रिकेवर साडेपाच छापू नका, सहाच छापा. पोलिसांची लेखी परवानगी लागतेच. जवळ शाळा किंवा रुग्णालय असेल तर आपली जागा शांतता क्षेत्रात मोडते का, तेही त्याच फेरीत विचारून घ्या.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही साउंड कोणाचा घ्यायचा याच्याशी जोडलेल्या आहेत. पहिली म्हणजे साउंड चेक पहाटे करता येत नाही, तो आदल्या संध्याकाळी दहाच्या आत उरकावा लागतो. मग सगळं सामान रात्रभर मैदानात राहतं. त्या दिवसांत पहाटे दव पडतं, कधी परतीचा पाऊसही येतो. मिक्सरवर ताडपत्री कोण घालणार, माईक काढून पेटीत कोण ठेवणार, रात्री तिथे कोण झोपणार? हा एकच प्रश्न विचारा. उत्तर ऐकून समोरचा माणूस कितपत तयारीचा आहे ते कळतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. निवासी भागाची दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. मैदानाच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा 75 डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जायला नको. म्हणजे आपल्यासाठी 65. भल्यामोठ्या स्पीकर बॉक्सच्या भिंतीला इथे कामच नाही. मोठा आवाज एका जागेवरून फेकण्याऐवजी लहान लहान स्पीकरनी तो मैदानभर वाटावा लागतो.

मंडपवाला आणि स्वतंत्र साउंडवाला

खरी निवड बहुतेकांपुढे या दोघांतच असते.

मंडपवाल्याचे फायदे खरे आहेत. एकच फोन, एकच बिल, स्टेज-खुर्च्या-साउंड एकाच टेम्पोतून. रात्री त्याची माणसं मंडपातच झोपतात, त्यामुळे राखणीचा प्रश्न आपोआप सुटतो. ध्वजवंदन, वार्षिक सभा, मुलांचं बक्षीस वितरण, हळदीकुंकू अशा कार्यक्रमांना त्याचे दोन बॉक्स, दोन कॉर्डलेस माईक आणि लहानसा मिक्सर पुरतो. तिथे जास्त खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गाण्याला मात्र ते पुरत नाही, आणि ते का पुरत नाही हे माईक मोजले की लगेच दिसतं. आमच्या गेल्या पहाटेची यादी सांगतो. गायक 2, निवेदक 1, तबल्याला 2, हार्मोनियमला 1, पखवाजाला 2, टाळाला 1, बासरीला 1, कीबोर्डच्या 2 लाईन, तानपुऱ्याला 1, सत्काराच्या पोडियमला 1 आणि 1 राखीव. झाले पंधरा. आठ चॅनेलच्या, म्हणजे आठच माईक जोडता येतील अशा, मिक्सरवर हे बसत नाही. मग तबल्याचे दोन माईक एकावर येतात, टाळ आणि बासरी एकच माईक वाटून घेतात, आणि ऐन रंगात बासरी ऐकूच येत नाही.

दुसरी अडचण मॉनिटरची. कलाकारांच्या पुढ्यात ठेवलेले, त्यांच्याकडे तोंड केलेले स्पीकर म्हणजे मॉनिटर. गायकाला तानपुरा आणि स्वतःचा आवाज हवा असतो, तबलजीला गायकाचा आवाज जास्त हवा असतो. प्रत्येकाला वेगळं मिश्रण द्यायचं तर मिक्सरमधून तेवढ्या वेगळ्या लाईन निघाव्या लागतात. लहान मिक्सरमध्ये त्या एक-दोनच असतात. बेहरिंगर एक्स32 सारख्या डिजिटल मिक्सरवर हे सहज होतं, आणि आदल्या संध्याकाळी केलेली सगळी मांडणी त्यातच साठवून ठेवता येते. सकाळी सहाला बटण दाबलं की कालचा साउंड चेक जसाच्या तसा परत येतो. पहाटेच्या कार्यक्रमाला यापेक्षा उपयोगाची सोय मला माहीत नाही.

तिसरी गोष्ट मागच्या रांगांची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. बॉक्सपासून 2 मीटरवर बसलेल्याला जेवढं ऐकू येतं, त्यापेक्षा 16 मीटरवरच्या माणसाला 18 डेसिबल कमी. मागच्यांसाठी आवाज वाढवला की पुढच्यांचे कान फाटतात, आणि पुढे बहुतेक करून वयस्कर मंडळीच असतात. उपाय म्हणजे मैदानाच्या मध्यावर आणखी दोन लहान स्पीकर. पण त्यात एक खोच आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, वायरमधून मात्र जवळजवळ तत्क्षणी. स्टेजपासून 20 मीटरवरच्या स्पीकरमधून शब्द आधी येतो आणि स्टेजवरचा तोच शब्द साठेक मिलिसेकंदांनी मागून पोचतो. कानाला शब्दावर शब्द चढल्यासारखे वाटतात. मधल्या स्पीकरना तेवढा उशीर लावून दिला की सगळं स्वच्छ होतं. साउंडवाल्याला फोनवर सरळ विचारा, "मधल्या स्पीकरना डिले लावता का?" जो "हो, अंतर किती आहे?" असं उलट विचारतो, तो तुमचा माणूस.

वॅट विचारत बसू नका. "दहा हजार वॅट देतो" या वाक्यातून शेवटच्या रांगेला अभंगाचे शब्द कळतील का, याचं उत्तर मिळत नाही.

स्वतंत्र साउंडवाल्याची उणी बाजूही सांगायला हवी. आम्हाला त्याचं कोटेशन मंडपवाल्याच्या साउंडच्या दुपटीच्या आसपास आलं. दिवाळीच्या चार दिवसांत चांगली माणसं आधीच ठरलेली असतात, त्यामुळे गणपतीनंतर लगेच बोलावं लागतं. शिवाय मंडपवाला आणि साउंडवाला यांच्यात समन्वय आपल्यालाच करावा लागतो: स्टेज किती वाजता उभं राहणार, मिक्सरचं टेबल कुठे, वायरी कुठून जाणार. मिक्सर स्टेजच्या बाजूला, पडद्याआड ठेवू देऊ नका. तिथे बसलेल्याला लोकांना काय ऐकू येतंय ते कळतच नाही. प्रेक्षकांमध्ये, मध्यापासून थोडं मागे टेबल हवं. त्यासाठी दहा-बारा खुर्च्या कमी होतात, होऊ द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मिक्सरवर कोण बसणार ते नाव घेऊन विचारा. चांगलं सामान आणि नवखा मुलगा यांपेक्षा साधं सामान आणि गाणं समजणारा माणूस कधीही बरा. आमच्याकडे येणारे दादा स्वतः तबला शिकलेले आहेत. तबल्याचा माईक चार बोटं इकडेतिकडे करताना ते कान देऊन उभे राहतात, ते पाहूनच वादक निर्धास्त होतात.

इव्हेंट कंपनी कधी

कंपनी आली की स्टेज, दिवे, साउंड, पडदा, निवेदक, पाहुण्यांची सरबराई सगळं तिच्याकडे जातं. यजमानांना स्वतःच पाहुण्यांमध्ये असायचं असतं तेव्हा हे मोलाचं आहे, म्हणजे लग्नाचं रिसेप्शन, आईवडिलांची साठी-पंच्याहत्तरी, संस्थेचा सुवर्णमहोत्सव. पण बऱ्याच कंपन्यांकडे स्वतःचा साउंड नसतो, त्या तुमच्याच गावातल्या साउंडवाल्याला लावतात आणि वर आपला हिस्सा घेतात. हिस्सा घेणं रास्तच आहे, कारण धावपळ ती करते. फक्त साउंड कोणाचा येणार आणि ऑपरेटर कोण, हे आधी लेखी घ्या. आम्ही कंपनी घेतली त्या वर्षी दिव्यांवर आणि कमानीवर पैसा भरपूर लागला आणि मॉनिटर दोनच आले. दहा-बारा उत्साही कार्यकर्ते असलेल्या मंडळाला कंपनीची गरज नाही, असं मी म्हणेन.

कार्यक्रम सभागृहात असेल तर

व्याख्यान, पुस्तक प्रकाशन, मुलाखत यांना सभागृहाची आतली यंत्रणा पुष्कळदा चालते. बुकिंगच्या आधी एकदा जाऊन स्वतः माईकवर बोला आणि सोबतच्याला शेवटच्या रांगेत बसवा. चालू स्थितीतले माईक किती, ते मोजून घ्या. मुलाखतीला कॉलर माईकचा आग्रह धरला जातो, पण तो तोंडापासून लांब असतो, त्यामुळे आवाज वाढवला की शिट्टी लवकर येते. वक्त्याने मान वळवली की आवाजही जातो. दोघं-तिघं बोलणार असतील तर हातातले माईक बरे, आणि प्रत्येकाला वेगळा. कॉर्डलेसमध्ये सेल नवे घाला, कार्यक्रम लहान असला तरी.

गाण्यासाठी मात्र सभागृहातही बाहेरून साउंड आणावा. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेत सुरुवातीचे वक्ते माईकशिवायच बोलले. संगीत नाटकांतले गायकनटही थिएटरच्या शेवटच्या माणसापर्यंत नुसत्या गळ्याने पोचत. आजच्या हॉलमध्ये पंखे, एसी आणि बाहेरची रहदारी आहे. गळ्यावर तेवढा भार टाकता येत नाही.

पडदा: प्रोजेक्टर की एलईडी

यावर थोडक्यात. दिवाळीच्या सुमारास साडेसहाच्या आगेमागे उजाडतं, म्हणजे प्रोजेक्टर अर्ध्या तासात पांढरा पडतो. उघड्यावर एलईडीच लागेल. तिच्या पी3, पी4 या आकड्यांतून दोन ठिपक्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये कळतं, आणि ढोबळमानाने तेवढ्याच मीटरवरून चित्र नीट दिसतं. पी4 असेल तर पहिली रांग चार मीटर लांब हवी. पण चारशे माणसांच्या पहाटेला पडदा खरंच हवा का, हा विचार करा. आम्ही तो बंद केला आणि वाचलेल्या पैशांत मधले दोन स्पीकर आणि दोन मॉनिटर वाढवले. बंद सभागृहात स्लाइड दाखवायच्या असतील तर चांगला प्रोजेक्टर पुरेसा आहे.

अमेरिकेतल्या, दुबईतल्या मुलांसाठी थेट प्रक्षेपण करणार असाल तर कॅमेऱ्याच्या माईकवर विसंबू नका, मिक्सरमधून वेगळी लाईन मागून घ्या. आणि चित्रपटगीतं-भावगीतं गायली जाणार असतील तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेच्या परवान्याची चौकशी आधी करा. ध्वनिमुद्रित गाणी वाजवणार असाल तर ध्वनिमुद्रणाचे हक्क सांभाळणाऱ्या पीपीएलच्या परवान्याचीही.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यायचं

"साउंड सिस्टिम पूर्ण" असं एका ओळीचं कोटेशन परत पाठवा. माईक किती आणि कुठल्या बनावटीचे (गायकांसाठी शूअर एसएम58 असेल तर निश्चिंत व्हा), मॉनिटर किती आणि त्यांच्या वेगळ्या लाईन किती, मिक्सर कुठला, ऑपरेटर कोण, साउंड चेक किती ते किती, रात्रीची राखण, ताडपत्री, जनरेटर धरलाय की नाही आणि 18 टक्के जीएसटी आत की वर. जनरेटर सायलेंट हवा आणि स्टेजपासून लांब. दिव्यांची आणि साउंडची लाईन वेगळी ठेवायला सांगा, नाहीतर दिवे मंद-प्रखर करणारा डिमर लावला की स्पीकरमधून घूं असा आवाज येत राहतो.

गायकांना निदान पंधरा दिवस आधी फोन करून माईकची यादी मागवा आणि ती जशीच्या तशी साउंडवाल्याला पाठवा. काही गायक स्वतःचा साउंड इंजिनिअर आणतात, तेही तेव्हाच कळतं.

आमचं यंदाचं ठरलं ते असं: मंडप, खुर्च्या आणि रात्रीची राखण मंडपवाल्याकडे, साउंड तबला शिकलेल्या दादांकडे, पडदा नाही. साउंड चेक आदल्या दिवशी संध्याकाळी पाच ते साडेसात. त्या वेळी सोसायटीतल्या दोन आजी शेवटच्या रांगेत बसणार आहेत. त्यांतल्या एकींना कानाचं यंत्र आहे. त्यांनी मान डोलावेपर्यंत मिक्सरची मांडणी साठवायची नाही, असं दादांना सांगून ठेवलंय.