कॉमिक पोर्ट्रेटमध्ये सावली कशाने दाखवायची: रेघेने की रंगाने?

कॉमिक शैलीतलं डिजिटल पोर्ट्रेट जमत नाहीये असं वाटलं की बहुतेक जण नवा ब्रश शोधायला लागतात. त्याआधी चेहऱ्यावरची सावली कोण दाखवणार, हॅचिंग (जवळजवळ ओढलेल्या रेघांनी केलेली छटा) की रंग, हे ठरवा. गालाखाली दाट रेघा ओढल्या आणि त्याच जागी मल्टिप्लाय लेअरवर (खालचा रंग गडद करणारा थर) गडद रंगही टाकला, तर सावली दुप्पट होते आणि चेहरा मळकट दिसतो.

तयार ब्रश की हाताची रेघ

तयार हॅचिंग ब्रशाने एका फटक्यात समांतर रेघांचा पट्टा उमटतो, वेळ वाचतो. पण अशा बऱ्याच ब्रशांत रेघांचा कोन आणि त्यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. गाल वळला तरी रेघ वळत नाही आणि चेहरा पुठ्ठ्यातून कापल्यासारखा सपाट होतो. शर्टावर, मागच्या भिंतीवर तो खुशाल वापरा. नाक, गाल, हनुवटी मात्र हातानेच.

रेघ सावलीच्या बाजूने सुरू करून उजेडाकडे झटकन उचलली की टोक निमुळतं येतं. ती गोलाईबरोबर वळायला हवी. क्रॉस-हॅचिंगचा, म्हणजे आधीच्या रेघांना छेदणाऱ्या रेघांचा, दुसरा थर काटकोनात टाकला की जाळी दिसते. दोन थरांमधला कोन 30 अंशांच्या आसपास ठेवला तर रेघांऐवजी छटा जाणवते. हाताचा कंप सावरणारा स्टॅबिलायझर बेताने वाढवा. फार वाढवला की रेघ गुळगुळीत होते आणि तिच्यातला जोर जातो.

अ‍ॅपच्या बाबतीत माझं झुकतं माप क्लिप स्टुडिओ पेंटला. त्याच्या व्हेक्टर लेअरवरचा (या थरात प्रत्येक रेघ नंतरही बदलता येते) खोडरबर दुसऱ्या रेघेला छेद जातो तिथपर्यंतच रेघ पुसू शकतो. जबड्याबाहेर गेलेल्या हॅचिंगची शेपटं कापायला याहून सोपं काही नाही. रेघेची जाडीही नंतर बदलता येते. प्रोक्रिएट एकदाच पैसे भरून मिळतं आणि हाताळायला सुटसुटीत आहे, पण ते अ‍ॅपलच्या उपकरणांवरच चालतं. शिवाय आयपॅडच्या मेमरीनुसार लेअरची संख्या मर्यादित राहते. साधा लॅपटॉप आणि पेन टॅब्लेट असेल तर फुकट मिळणारं क्रिता पुरतं.

सपाट रंग की मऊ छटा

हॅचिंग दाट असेल तर खाली सपाट रंग आणि फार तर कडा स्पष्ट असलेली एकच सावली. एअरब्रशची मऊ छटा दाट रेघांखाली गेली की त्वचा प्लास्टिकची वाटते. मऊ छटाच आवडत असेल तर हॅचिंग डोळ्यांच्या खोबण्या, नाकाखालची जागा आणि मान एवढ्यापुरतं ठेवा. अर्धं हे, अर्धं ते असं केलं की पोर्ट्रेट ना कॉमिक वाटतं ना पेंटिंग.

आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्यांना एक अडचण हमखास येते. इंटरनेटवर मिळणाऱ्या त्वचेच्या पॅलेटपैकी कितीतरी गुलाबीसर गोऱ्या रंगासाठी बनवलेल्या असतात. त्या नुसत्या गडद केल्या, किंवा सावलीसाठी राखाडी घेतला, की चेहरा राखेसारखा निस्तेज दिसतो. सावली तांबूस तपकिरी किंवा जांभळटाकडे न्या. चकाकीसाठी शुद्ध पांढरा टाळा; फिकट नारिंगी, किंवा उघड्यावरचा प्रसंग असेल तर आभाळाचा निळसर रंग घ्या.

हॅचिंग काळं ठेवायचं की रंगीत, हे चित्र कुठे दिसणार यावर ठरवा. फोनसाठी लाइन-आर्टच्या (नुसत्या रेघांच्या) लेअरला अल्फा लॉक (आधी काढलेल्या भागापुरताच रंग लागू देणारी सोय) लावून गालावरच्या रेघा गडद तपकिरी केल्या तर चेहरा एकदम उबदार होतो. मात्र चित्र लहान होताना जवळजवळच्या बारीक रेघा मिसळून राखाडी डाग होतात, म्हणून रेघा थोड्या जाड आणि विरळ ठेवा.

दिवाळी अंकासाठी किंवा इतर छपाईसाठी उलट. तपकिरी रेघ छापताना एकाहून अधिक शाईंच्या ठिपक्यांतून बनते, आणि एखाद्या शाईची प्लेट किंचित जरी सरकली तरी कड फाटते. तिथे काळी रेघ फक्त काळ्या शाईतच ठेवा. रंगासाठी 300 डीपीआय (दर इंचाला ठिपके) म्हणजे ए4 पानाला 2480 × 3508 पिक्सेल पुरतात, पण निव्वळ काळी लाइन-आर्ट 600 वर दिली तर बारीक टोकं शाबूत राहतात.