बाथरूमच्या पार्टिशनला टफन्ड काच की लॅमिनेटेड?

मैत्रिणीचा प्रश्न होता: "टफन्ड काच मजबूत म्हणतात, मग कुणाचा हात न लागता ती फुटते कशी?"

टफन्ड काच ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झपाट्याने थंड करतात. पृष्ठभाग दाबाखाली राहतो, गाभा ताणाखाली. म्हणूनच ती साध्या काचेच्या चार-पाच पट धक्का सोसते. पण कडेला उडालेला छोटासा टवका किंवा काचेत अडकलेला निकेल सल्फाइडचा डोळ्यांना न दिसणारा कण यांतून निघालेला तडा त्या ताणापर्यंत पोहोचला, की अख्खी काच क्षणात चुरा होते. हा कण हळूहळू फुगतो, त्यामुळे काच बसवल्यावर काही वर्षांनीही फुटू शकते. हीट सोक चाचणीत, म्हणजे काच मुद्दाम पुन्हा काही तास तापवून ठेवतात तेव्हा, अशा बहुतेक काचा कारखान्यातच फुटतात, सगळ्या नाही. बसवताना कड फरशीवर टेकवू देऊ नका. माझ्या मते निम्मी काळजी तिथेच आहे.

लॅमिनेटेडमध्ये दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असतो. तडा गेला तरी तुकडे त्यालाच चिकटून राहतात. पण ती महाग, आणि उघड्या कडेतून ओल शिरली की थर सुटू लागतो.

देखभाल दोन्हींची सारखीच.

चारही बाजूंनी चौकट असलेल्या शॉवरला हीट सोक केलेली टफन्ड पुरे. डोक्यावरचं छत, जिन्याचा कठडा किंवा घरात रांगतं मूल असेल, तर लॅमिनेटेडच घ्या, तीही टफन्ड काचांची.