जिममधला ट्रेनर की घरी येणारा?

मी दोन्ही करून पाहिलंय. सात महिने जिममधला पर्सनल ट्रेनर, आणि गेलं दीड वर्ष घरी येणारा. वय 52, शुगर आहे आणि उजवा खांदा मध्यंतरी आखडला होता, फ्रोझन शोल्डर. मधुमेहींना हा त्रास जास्त होतो, हे मला खांदा धरल्यावरच कळलं. तुम्ही पंचविशीत असाल आणि डेडलिफ्टचं वजन वाढवायचं असेल, तर तुमचं गणित वेगळं असू शकतं.

जिमची बाजू लेचीपेची नाही. पायांनी वजन ढकलायच्या लेग प्रेस मशीनची सर घरच्या डंबेल्सना येत नाही. शिवाय आजूबाजूला चार माणसं घाम गाळत असली की आपलाही शेवटचा सेट सुटत नाही. पैशांत म्हणाल तर माझ्याकडे 12 सेशनमागे 2000 रुपयांचा फरक पडला, घरचा महाग. प्रमाणपत्रं दोन्हीकडे होती. ती बघाच, सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबायच्या प्रथमोपचाराचं, प्रशिक्षण कधी झालंय तेही विचारा, पण माझा निर्णय त्यावर झाला नाही.

सात महिन्यांत माझे तीन ट्रेनर बदलले. मुलांचा दोष नाही, दुसरीकडे चार पैसे जास्त मिळाले की कुणीही जाईल. पण पहिल्या दोघांचा नव्याने तोच प्रश्न, "सर, काही इंज्युरी?" पहिल्याच दिवशी मी दोन पानी फॉर्म भरून दिला होता, त्यात खांद्याचं सगळं लिहिलं होतं. तो फॉर्म तिघांपैकी एकानेही पाहिलेला नव्हता. तिसऱ्याने तर विचारलंही नाही, थेट शोल्डर प्रेसवर बसवलं, आणि माझ्याही तोंडून वेळेवर शब्द निघाला नाही. चौथ्या रेपला, म्हणजे चौथ्यांदा वजन डोक्यावर ढकलताना, खांद्यात कळ आली. पुढे आठ दिवस शर्टाच्या बाहीत हात घालताना डोळ्यांत पाणी यायचं.

घरी येणाऱ्याने पहिल्या दिवशी व्यायाम घेतलाच नाही. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, एकेक हात जमेल तितका वर सरकवायला लावला आणि बोटं पोचली तिथे पेन्सिलने खूण केली. उजवी खूण डावीपेक्षा वीतभर खाली. मग शंभर पानी वही काढली. तारीख, व्यायाम, वजन, रेप्स आणि शेवटचा रकाना 'खांदा', म्हणजे आज दुखणं दहापैकी किती. सुरू करण्याआधी रोज विचारतो, "काका, सकाळी काय खाल्लंत? गोळी घेतलीत?" शुगरवाल्याला हे विचारणारा माणूस लागतोच.

उणिवा आहेत. पावसाळ्यात साडेसहाचे सात होतात. पायांना वजन कमी पडतं, म्हणून तो खुर्चीवर तीन आकडे मोजत सावकाश बसायला लावतो. माझं त्यात भागतं, तुमचं भागेलच असं नाही. रोज बोलवायचीही गरज नाही. ताकदीच्या व्यायामासाठी आठवड्याला किमान दोन दिवस असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मी तीन दिवस घेतो, बाकी दिवशी चालतो.

जिमच निवडणार असाल तर पैसे भरण्याआधी विचारा, हा ट्रेनर इथे किती दिवस आहे, आणि तो गेला तर माझी नोंद कुणाकडे राहील? उत्तर पटलं तर खुशाल घ्या. पण जुनं दुखणं असेल तर मी तरी घरचाच सुचवेन.

दिवाळीआधी घराला रंग काढला तेव्हा दाराशेजारचा तेवढा पट्टा तसाच ठेवायला सांगितला. उजवी खूण आता डावीच्या दोनच बोटं खाली आहे.