जुना सागवानी डबलबेड: वाचनालयाच्या बाकासाठी कच्चा माल म्हणून कसा आहे?

सोसायटीचा वाचनकट्टा, गावचं वाचनालय, समाजमंदिराचा व्हरांडा अशा ठिकाणी तिघांना टेकून बसता येईल असा बाक हवा असेल, तर टाकाऊ फर्निचरमध्ये जुन्या सागवानी डबलबेडइतका चांगला माल दुसरा नाही. स्टीलचं कपाट कापलं की धारा उरतात. पार्टिकल बोर्डाचं कपाट फुकट मिळालं तरी घेऊ नये, कारण त्याच्या कडेला स्क्रू धरत नाही आणि एका पावसाळ्यात फरशीलगतचा भाग फुगतो. पलंगात मात्र बाकाचे अर्धे अवयव तयारच असतात आणि त्यांचे सांधे वर्षानुवर्षं वजन पेलून पारखलेले असतात. अट एकच: आराखडा पलंगाकडे बघून करायचा, आधी चित्र काढून मग त्यात लाकूड कोंबायचं नाही.

जुन्या पलंगाची रुंदी बहुधा ५ फूट आणि लांबी ६ किंवा सव्वासहा फूट असते. उशाकडची चौकट अख्खी ठेवायची. तीच बाकाची पाठ आणि मागचे दोन पाय. पायथ्याकडची चौकट बरोबर मधोमध उभी कापली की अडीच-अडीच फुटांचे दोन तुकडे निघतात. ते २० इंचांवर आणले की दोन बाजू आणि हात टेकायची जागा तयार होते, आणि प्रत्येक तुकड्याचा मूळ खूर पुढचा पाय होतो. लांब गात्यांपैकी (उशाची आणि पायथ्याची चौकट जोडणाऱ्या बाजूच्या पट्ट्यांपैकी) एक पुढच्या आडपट्टीला आणि दुसरं बैठकीखाली मागच्या आधाराला जातं. दोन्हींतून उरणारे फूट-फूटभर तुकडे कोपऱ्यांच्या ठोकळ्यांना पुरतात.

पायथ्याची चौकट कापताना एक गोष्ट सांभाळावी लागते. मधली फळी खाचेत नुसती बसवलेली असेल, तर कापलेल्या बाजूने ती मोकळी होते आणि हळूहळू सरकून बाहेर येते. म्हणून त्या कडेला दीड इंच जाडीची उभी पट्टी आधी बसवावी आणि मगच तो तुकडा पाठीच्या खुराला जोडावा.

सगळ्यात जास्त बाक बिघडतात ते उंचीत. पलंगाचं गातं जमिनीपासून साधारण १२ ते १४ इंचांवर असतं, कारण वर गादी येणार हे धरूनच ते बसवलेलं असतं. जुन्या खाचा तयार आहेत म्हणून त्याच उंचीवर बैठक बसवली, तर बाक बालवाडीचा होतो आणि आजी-आजोबांना हाताला धरून उठवावं लागतं. फळीचा वरचा पृष्ठभाग १७ ते १८ इंचांवर हवा. जुन्या खाचा सागवानाच्याच तुकड्यांनी बुजवायच्या आणि नव्या उंचीवर नवा सांधा करायचा. पलंगाचे लोखंडी हुक पुन्हा वापरू नयेत. पलंग एका जागी पडून असतो, तर बाकावर माणसं सरकतात, रेलतात, आणि हुक त्या आडव्या हिसक्यांनी सैल होतात. त्याऐवजी प्रत्येक सांध्याला ८ मिलिमीटर जाडीचे दोन बोल्ट, दोन्ही बाजूंना वायसर लावून घ्यावेत.

दुसरा प्रश्न पाठीचा. उशाकडची चौकट सरळ उभी असते, आणि काटकोनात पाठ टेकून कोणी अर्धा तास वाचत बसत नाही. अख्खी चौकट मागे कलती करण्याचा मोह होतो, पण तसं केलं की मागचे पाय पुढे येतात आणि कोणी जोरात रेललं की बाक मागे उलटतो. चौकट सरळच ठेवावी आणि तिच्या पुढच्या अंगाला तीन उभ्या पाचरी लावाव्यात: खाली सव्वादोन इंच, वर शून्य, उंची १६ इंच. त्यांवर पलंगाच्याच फळ्यांतून काढलेल्या तीन-चार आडव्या पट्ट्या मारल्या की सुमारे ८ अंशांचा उतार मिळतो. बैठकीची खोली या पट्ट्यांच्या पुढून मोजायची. १६ ते १७ इंच पुरते. २० इंचांच्या बाजूंतून पाचरी आणि पट्ट्यांची जाडी वजा केली की तेवढीच उरते.

पुढच्या पट्टीच्या ताकदीची काळजी नको. ५ इंच रुंद आणि सव्वा इंच जाड गातं उभ्या धारेवर बसवलं, तर तीन मोठी माणसं ते सहज पेलतं. वाकतात त्या बैठकीच्या फळ्या. पाऊण इंच जाडीच्या फळ्या लांबीत टाकायच्या असतील, तर दर २० इंचांवर खाली आडवा आधार हवा. दोन फळ्यांमध्ये फट ६ मिलिमीटरच ठेवावी. धूळ खाली पडते आणि लहान मुलांची बोटं अडकत नाहीत. ८ ते २५ मिलिमीटरच्या फटीत ती हमखास अडकतात. जुन्या पलंगाचं प्लायवूड बैठकीला वापरू नये. वरून ठीक दिसलं तरी त्याचे थर बहुतेक वेळा सुटलेले असतात.

आता खरेदी. मुंबईत जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवरा फर्निचर बाजार आणि पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार ही बघण्यासारखी ठिकाणं. ओशिवऱ्यात जुना माल आणि जुन्या धाटणीचा नवा माल शेजारीशेजारी असतो, त्यामुळे नक्षीवर जाऊ नये. पलंग उलटा करून खुराचा तळ बघावा, तिथे पॉलिश नसतं. पॉलिशपेपरचे चार हात मारल्यावर सोनेरी तपकिरी रंग, किंचित तेलकट स्पर्श आणि चामड्यासारखा वास आला, तर सागवान. वजनही सांगतं: सागवानाचा एक घनफूट साधारण १८ किलोचा, म्हणजे सहा फुटी, ५ इंच रुंद आणि सव्वा इंच जाड गातं पावणेपाच किलोच्या आसपास भरायला हवं. पाइन बरंच हलकं लागतं. रबरवूड मात्र वजनात फसवतं. ते त्याच्या फिक्या, मळकट पांढऱ्या रंगावरून ओळखावं. गातं डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसरीकडे बघावं. पीळ पडलेलं असेल तर भाव कितीही कमी असो, सोडून द्यावं.

सार्वजनिक जागेत पलंगाचं लाकूड नेताना ढेकणांचा विचार आधी, सौंदर्याचा नंतर. ढेकूण काही महिने उपाशी राहू शकतो, त्यामुळे गोदामात पडून राहिलेला पलंग निर्धोक असतो असं नाही. सांध्यांच्या फटीत आणि स्क्रूच्या भोकांत काळे ठिपके दिसले की समजावं. पलंग अंगणात पूर्ण सोडवायचा, प्रत्येक खाचेत उकळतं पाणी ओतायचं, आणि लाकूड सावलीत, हवेशीर जागी आठवडाभर वाळवायचं. हे केल्याशिवाय एकही तुकडा वाचनालयाच्या दारातून आत नेऊ नये.

भुंग्याची खूण वेगळी: एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि पिठासारखा बारीक भुसा. सागवानाच्या पक्क्या, गडद भागाला तो सहसा लागत नाही. कडेच्या पांढुरक्या पट्ट्यात लागतो. ठोकल्यावर ताजा भुसा गळला तर तो भाग कापूनच टाकावा. उरलेल्या लाकडाला एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून दोन हात द्यावेत. एका बाकाला दोन लिटर पुरतं. हे पाणी पॉलिश उतरवलेल्या कोऱ्या लाकडातच मुरतं, म्हणून क्रम चुकवू नये. हातमोजे घालावेत, मुलांना लांब ठेवावं. आणि पावसाच्या माऱ्यात हे द्रावण धुऊन जातं, त्यामुळे बाक छपराखालीच हवा.

पॉलिश उतरवताना आधी कापसाला स्पिरिट लावून घासावं. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. ते स्पिरिटनेच निघतं. चिकटलं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) यांचं कडक पॉलिश, आणि मग ८० नंबरच्या पॉलिशपेपरला पर्याय नाही. ऑइलपेंट मारलेला जुना पलंग असेल तर कोरडा घासूच नये. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात ते कितीही असू शकतं. ओला पॉलिशपेपर, तोंडाला चांगला मास्क, खाली प्लास्टिक, आणि निघालेला चिखल गोळा करून वेगळा. हे जमणार नसेल तर रंगवलेला पलंग घेऊच नये.

रंधा मारण्याआधी प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवावं. लाकडात मोडून राहिलेला एक खिळा रंध्याचं पातं बाद करतो आणि सुतार चिडतो, ते योग्यच आहे. सागवान तेलकट असल्यामुळे फेविकॉल नीट धरत नाही अशी तक्रार असते. उपाय सोपा आहे: चिकटवायचा भाग ताजा घासावा, थिनरने पुसावा आणि लगेच पाण्याला टिकणारा मरीन प्रकारचा गोंद लावून सांधा शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) २४ तास आवळून ठेवावा. आदल्या दिवशी पुसून ठेवलं तर तेल पुन्हा वर येतं.

शेवटचा हात म्हणून लाखेचं पॉलिश सुंदर दिसतं, पण ओल्या छत्रीने आणि चहाच्या पेल्याने त्यावर पांढरे डाग पडतात. वर्दळीच्या जागी पीयूचे तीन पातळ हात किंवा जवसाच्या उकळलेल्या तेलाचे दोन. जवसाचं तेल अधिक चांगलं, कारण झिजलेली जागा कोणीही फडक्याने पुन्हा पुसून दुरुस्त करू शकतं. पीयू उखडलं की सगळं घासावं लागतं. फक्त तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. चारही पायांच्या तळाला इपॉक्सी पाजावं आणि वर नायलॉनचे बूट ठोकावेत, नाहीतर फरशी पुसताना खालचं लाकूड रोज पाणी ओढत राहतं.

खर्चाच्या बाजूने हा माल फसवा आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. पलंग स्वस्तात मिळतो. पैसे जातात ते सोडवणं, घासणं आणि खाचा बुजवणं यांत. चांगला सुतार आणि एक मदतनीस यांचे पाच ते सहा दिवस धरावेत. एवढ्या मजुरीत नवा लोखंडी बाक येईल. तरीही आम्ही पलंगाच्याच बाजूने आहोत. आलापल्ली-बल्लारपूरच्या जंगलांतलं सागवान तयार व्हायला साठ-ऐंशी वर्षं लागतात, आणि असं लाकूड बंबात किंवा बेकरीच्या भट्टीत गेलेलं बघवत नाही.

बसवल्यानंतर पाठीच्या वरच्या पट्टीतून दोन एल-पट्ट्या भिंतीत घट्ट कराव्यात, कारण मुलं बाकाच्या हातांवर चढून पाठीवर उभी राहणारच. बैठकीखाली पुस्तकांचा कप्पा करायचा असेल तर जमिनीपासून ५ इंच जागा मोकळी ठेवावी, म्हणजे झाडू आणि पोछा आत जातो आणि पावसाळ्यातली फरशीची ओल पुस्तकांपर्यंत पोहोचत नाही. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकसतं, तेव्हा सगळे बोल्ट एकदा पाना घेऊन कसावेत.