स्टेशनजवळचं घर: नवी मुंबईत की पुण्यात?

आयटीतल्या बऱ्याच कंपन्यांची ऑफिसं ऐरोलीतही आहेत आणि हिंजवडी-खराडीतही. त्यामुळे तिशीतल्या नवराबायकोपुढे हल्ली हा पेच हटकून येतो: बदली मागायची तर कुठली, आणि कर्ज काढून घर घ्यायचं तर कुठे? त्यात ज्यांची अट आहे की रोज स्वतःची गाडी काढावी लागू नये, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. क्लबहाउस आणि स्विमिंग पूल ज्यांना बघायचा आहे त्यांना बिल्डरचं ब्रोशर पुरेल.

जाहिराती दोन्हीकडे एकाच सुरात असतात: स्टेशन पाच मिनिटांवर. शहरांची घडण मात्र एकमेकांच्या उलट आहे.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी 1965 च्या सुमारास खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची, म्हणजे नवी मुंबईची, कल्पना मांडली, 1970 मध्ये ते वसवणारी सरकारी संस्था सिडको स्थापन झाली. कल्पना अशी की एकच मोठं केंद्र न करता लोहमार्गाच्या दोऱ्यात ओवलेले वेगवेगळे नोड वसवायचे. प्रत्येक नोडला स्वतःचा बाजार, शाळा, ऑफिसं आणि स्टेशन. कागदावर फार देखणं होतं. प्रत्यक्षात वाशीत माणसं सत्तरीच्या दशकात राहायला आली आणि मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाली 9 मे 1992 रोजी. मधली वीस वर्षं लोकांनी बसच्या रांगेत काढली. तरी एक गोष्ट सिडकोच्या पथ्यावर पडली: जमीन तिच्याच ताब्यात होती. ती विकून आलेल्या पैशातून रेल्वेच्या खर्चाचा साधारण दोनतृतीयांश वाटा तिने उचलला आणि बऱ्याच स्टेशनांवर ऑफिसांच्या इमारतीही चढवल्या. वाशी किंवा बेलापूरला उतरून वर मान केली की ते दिसतं.

पुण्यात सगळं आधीच होतं. पेठा, डेक्कन, कोथरूड, पिंपरीचे कारखाने. त्यांच्या डोक्यावरून आणि पायाखालून मेट्रो नेली. 2016 मध्ये भूमिपूजन, 6 मार्च 2022 ला पहिले दोन तुकडे, आणि 29 सप्टेंबर 2024 ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी भाग. मिळून साधारण 33 किलोमीटर. इथे जमीन खासगी मालकांची, त्यामुळे तिच्या वाढलेल्या किमतीतून पैसा उभा करण्याचा मार्ग वेगळा: स्टेशनभोवती 500 मीटरपर्यंत जादा एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण), रस्त्याच्या रुंदीप्रमाणे चारपर्यंत, आणि घरखरेदीवर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार. हा अधिभार मेट्रोपासून दहा किलोमीटरवर फ्लॅट घेतलात तरी सुटत नाही. म्हणजे पुण्यात घर घेणारा मेट्रोचे पैसे देतोच, ती वापरायला मिळो न मिळो.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर

नवी मुंबईत ज्या स्टेशनाकडे बोट दाखवून सगळे ‘बघा, असं हवं’ म्हणतात ते सीवूड्स-दारावे. फलाटावरून जिना चढलात की मॉल, त्याच्या माथ्यावर ऑफिसं. पावसाळ्यात छत्री न उघडता कामावर पोहोचणारी माणसं तिथे आहेत. पण स्टेशनापासून पश्चिमेला पामबीच रस्त्याच्या दिशेने चालत निघा. सुसाट गाड्यांचा तो रस्ता चालणाऱ्याचा विचार करून बांधलेलाच नाही. त्याच्या पलीकडच्या सोसायट्यांतून सकाळी मोटारीच बाहेर पडतात, आणि ते लोक आळशी आहेत म्हणून नव्हे.

वाशीचं तर आणखी गमतीचं. स्टेशन सेक्टर 30 मध्ये आणि जुनी, भरलेली वाशी, म्हणजे सेक्टर 17 चा बाजार, सेक्टर 9-10 ची वस्ती, ही सायन-पनवेल महामार्गाच्या दुसऱ्या बाजूला. मुंबईहून आलेला माणूस स्टेशनबाहेर दोन मॉल बघतो आणि समजतो हीच वाशी. घरी जाणारा वाशीकर शेअर रिक्षाच्या रांगेत उभा असतो. दलाल ‘वाशी स्टेशन, जस्ट टेन मिनिट्स’ म्हणतो तेव्हा ती मिनिटं रिक्षाची असतात, आणि रांगेत गेलेला वेळ त्यात नसतो.

खारघर या बाबतीत डोळे उघडणारं आहे. रेल्वे स्टेशन नोडच्या एका कडेला, आणि सेक्टर वाढत गेले आत डोंगराकडे. आतल्या सेक्टरांना जोडणारी मेट्रो 2011 मध्ये बांधायला घेतली, बेलापूर ते पेंधर अशी 11 स्थानकांची ती गाडी धावली 17 नोव्हेंबर 2023 ला. दरम्यान तिथल्या घराघरांत दुचाकी आली, मग चारचाकी आली. लोकांना एकदा लागलेली सवय मेट्रो आली म्हणून सुटत नाही. आज मात्र उत्सव चौक किंवा सेंट्रल पार्क स्थानकाच्या पायी अंतरात घर मिळत असेल तर खारघरचा विचार जरूर करा, कारण आधीच्या लोकांनी भोगलेला काळ तुमच्या वाट्याला येणार नाही.

उलव्याबद्दल लोक हमखास विचारतात. विमानतळ, अटल सेतू, बामणडोंगरी-खारकोपरची स्टेशनं, सगळं खरं. पण उरण मार्गावर गाड्या मोजक्याच, वेळापत्रक बघून घर सोडावं लागतं. आणि अटल सेतू हा मोटारींचा पूल आहे, तो तुमच्या अटीत बसत नाही.

पुण्यात चित्र उलटं. आयडियल कॉलनी किंवा आनंदनगर स्थानकातून खाली उतरा. पायरीशीच वाणी, केमिस्ट, पोळीभाजी केंद्र, बँक, दवाखाना. हे कुणी आखलेलं नाही, तीस-चाळीस वर्षांत आपसूक जमलेलं आहे, म्हणूनच ते चालतं. भुयारातून मंडई स्थानकाबाहेर आलात की भाजीची पिशवी भरून परत फिरता येतं, गाडी कुठे लावायची हा पेठांमधला सनातन प्रश्नच उरत नाही. असा शेजार सिडकोला पन्नास वर्षांत फार थोड्या सेक्टरांत साधला.

फक्त स्थानक ते घर हा तुकडा बघून घ्या. डेक्कनच्या स्थानकाला मावळ्याच्या पगडीचा आकार दिला आहे. पगडी छान आहे. फुटपाथकडेही तितकंच लक्ष दिलं असतं तर बिघडलं नसतं. कर्वे रस्त्यावर नळस्टॉपला तर वर मेट्रो, मधे उड्डाणपूल, खाली रस्ता असा तिमजली प्रकार आहे. एकाच खांबावर गाड्यांना दोन मजले मिळाले. पायी जाणारा खाली, दुचाकी आणि टपरीच्या मधल्या फटीत.

जादा एफएसआयचाही एक वेगळाच परिणाम दिसतो. कोथरूडच्या जुन्या तीन-चार मजली सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. त्यांच्या जागी उंच इमारती येतात, आणि त्या इमारतींच्या पोटात पार्किंगचे मजलेच्या मजले. मेट्रोजवळ म्हणून जास्त माणसं आणायची आणि प्रत्येकाला मोटार लावायला जागाही द्यायची, मग पौड रस्ता मोकळा कसा होणार? असा फ्लॅट घेणाऱ्याने विचारून बघावं की पार्किंग नको असेल तर किंमत कमी होते का. बहुधा उत्तर नाही असंच येईल. पण विचारणारे वाढले तर बिल्डरही हिशेब करायला लागतील.

दुसरं टोक

घर स्टेशनजवळ आहे का, हा अर्धाच प्रश्न. ऑफिस स्टेशनजवळ आहे का, हा उरलेला अर्धा, आणि माझ्या मते निर्णय इथेच होतो. लोक घराची बाजू मोजपट्टीने मोजतात आणि ऑफिसची बाजू ‘बघू, कॅब असतेच’ म्हणून सोडून देतात.

या निकषावर नवी मुंबई बरीच पुढे आहे. ठाण्याहून निघणारी ट्रान्सहार्बर लोकल धरा: ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. एका बाजूला निवासी सेक्टर, दुसऱ्या बाजूला एमआयडीसीचा पट्टा आणि आयटी पार्क. सकाळी ऐरोलीला गाडी रिकामी होते आणि गर्दी चालतच गेटमधून आत जाते. कोपरखैरणे किंवा नेरुळला राहून ऐरोलीत नोकरी करणाऱ्याला मोटारीची गरजच नाही. महापेला मात्र स्टेशनवरून रिक्षा किंवा एनएमएमटीची (महापालिकेची) बस लागते, ते धरून चाला.

पुण्याच्या चालू दोन मार्गिका पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी. त्यांवर कोर्ट आहे, महापालिका आहे, कॉलेजं आहेत, रेल्वे स्टेशन, येरवडा, कल्याणीनगर आहे. हिंजवडी नाही. खराडी नाही, रामवाडीला उतरून पुढे बस किंवा रिक्षा आलीच. मगरपट्टा नाही. म्हणजे सरकारी नोकर, वकील, प्राध्यापक, डेक्कन-शिवाजीनगरात दुकान असणारा यांना ही मेट्रो अंगाला बेतून शिवल्यासारखी बसते. ज्या आयटीवाल्यांच्या नावाने ती विकली जाते त्यांचं ऑफिस येरवडा-कल्याणीनगर पट्ट्यात नसेल तर तिचा रोजचा उपयोग थोडा.

हिंजवडी ते शिवाजीनगर ही साधारण 23 किलोमीटरची तिसरी मार्गिका बाणेर-बालेवाडी-वाकडकरांना तारेल, यात वाद नाही. पण 2018 मध्ये भूमिपूजन झालेल्या या कामाच्या तारखा एकापेक्षा जास्त वेळा पुढे गेल्या. माझा नियम साधा: ज्या गाडीत स्वतः बसून ऑफिसला जाऊन आलात तीच हिशेबात धरायची. वनाजपुढे चांदणी चौक, रामवाडीपुढे वाघोली, स्वारगेटपुढे कात्रज, या सगळ्यांना मंजुरी मिळाली. मंजुरीच्या भरवशावर वीस वर्षांचं कर्ज काढू नका. खारघरकरांना विचारा.

बसबद्दल पुण्यात एक जुनी जखम आहे. 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर अशी बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली, नंतर 2015 मध्ये नवे मार्ग आले, आणि नगर रस्त्यावरची बीआरटी तर शेवटी उखडूनच टाकली. त्या बसथांब्याच्या भरवशावर ज्याने घर घेतलं असेल त्याचं काय झालं असेल? मेट्रोच्या खांबांचा एवढा तरी फायदा आहे, ते कुणी उखडत नाही.

गाडीत बसल्यावर

इथे पुणे जिंकतं. मेट्रो वातानुकूलित, गर्दीच्या वेळी काही मिनिटांनी पुढची, तिकीट 10 ते 35 रुपये, रात्री 11 पर्यंत. नवी मुंबईची लोकल स्वस्त आहे, द्वितीय वर्गाचं किमान तिकीट 5 रुपये आणि पास काढला तर महिन्याचा खर्च नगण्य. मध्यरात्रीच्या आसपासही गाडी मिळते. पण सकाळी हार्बरने सीएसएमटीकडे जायचं म्हणजे काय ते सांगायला नको. जलद गाडी नाही, पनवेलहून सव्वा तासाच्या वर लागतो. रविवारचा मेगाब्लॉक वेगळा. म्हणून नवी मुंबईत घर घ्यायचं ते नवी मुंबईतच नोकरी असेल तर. दक्षिण मुंबईच्या नोकरीसाठी घ्याल तर शहराच्या आखणीचा फायदा डब्यातच चिरडून जाईल.

कागदपत्रांचं थोडक्यात. नवी मुंबईत सिडकोची जमीन भाडेपट्ट्याने असते, विकताना-घेताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क येतं, ते किंमत ठरवताना विचारा. स्टेशनला लागून गावठाणात स्वस्त फ्लॅट दिसला तर बांधकाम परवानगी बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. ऐरोलीजवळच्या दिघ्यात न्यायालयाच्या आदेशाने बेकायदा इमारती पाडल्या गेल्या, त्यात राहणाऱ्यांनीही पैसे मोजलेच होते. पुण्यात पुनर्विकासाच्या इमारतीत भोगवटा पत्र मिळालंय का, एवढं तरी बघाच.

आता मी कुणाला काय सांगेन? दोघांची ऑफिसं ऐरोली ते बेलापूर पट्ट्यात असतील तर नेरुळ, सीवूड्स किंवा कोपरखैरणे, आणि एकही मोटार नको. गावाहून आईवडील राहायला येणार असतील, त्यांना रस्ता न ओलांडता भाजी, दवाखाना आणि गप्पांना माणसं हवी असतील, तर आनंदनगर-आयडियल कॉलनीच्या आसपासचं जुनं, छोटं, दुसऱ्या मजल्यावरचं घर. लिफ्ट असेल तर उत्तम. पिंपरीत नोकरी आणि जोडीदार डेक्कनला, असं असेल तर संत तुकारामनगर बघा, जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून डेक्कन गाठता येतं. नोकरी हिंजवडीत असेल तर बाणेर-बालेवाडीत सध्या भाड्याने राहा. मार्गिका सुरू झाल्यावर घरभाडं आणि किमती वाढतील हे खरं, पण स्थानकाचा जिना नेमका कुठल्या गल्लीत उतरतो, फीडर बस येते की नाही, आणि संध्याकाळी सातला तिथून चालत घरी येता येतं का, हे तेव्हाच कळेल. त्या माहितीसाठी थोडं जास्त मोजायला लागलं तरी मी मोजेन.