जुन्या लष्करी रायफलीची काडतुसं: घरी भरावीत की विकत घ्यावीत?

अमेरिकेत जुनी लष्करी रायफल घ्यायची म्हटली की आपलं मन आधी ली-एनफिल्डकडे जातं. वर्षानुवर्षं पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली थ्री नॉट थ्री! मग कुणी रशियन मोसिन-नागांतकडे वळतो, कुणी अमेरिकन गरँडकडे, कुणी जर्मन माउझरकडे. रायफल एकदाच घ्यायची असते; काडतुसं मात्र कायम लागतात. ती दुकानातून आणायची की रिकाम्या पुंगळ्या (काडतुसाची धातूची नळकांडी) जपून घरी पुन्हा भरायची, हा प्रश्न पहिल्या दोन-चार डब्यांतच समोर येतो.

त्याआधी एक कायद्याची गोष्ट. एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असाल तर इथंच थांबा. नॉन-इमिग्रंट व्हिसाधारकांना शस्त्र आणि दारूगोळा बाळगायला संघीय कायद्याची बंदी आहे; शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ‘मी काडतुसं कुठं घेतोय, सुटं सामानच तर आणतोय’ ही पळवाटही नाही. कायद्याच्या व्याख्येत प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी), पावडर, बुलेट (पुढून सुटणारी गोळी) आणि रिकामी पुंगळी, सगळं दारूगोळाच. ग्रीनकार्डवाले आणि नागरिक यांना स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला संघीय परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. राज्याचे नियम वेगळे पाहावेत. भारतातल्या वाचकांसाठी तर विषय वाचनापुरताच: .३०३ हा सामान्य परवानाधारकाला निषिद्ध बोअर (नळीचं माप), आणि शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा.

आता पैसे, कारण बहुतेकजण तिथूनच सुरुवात करतात. .३०३ चं नवं काडतूस आज साधारण सव्वा डॉलरच्या आसपास पडतं. घरी भरायचं तर एका पौंड पावडरमध्ये ७००० ग्रेन (पावडर मोजायचं बारीक वजन). त्यात दीडशे ते पावणेदोनशे काडतुसं होतात. पावडर पौंडाला पन्नास डॉलर धरली तर काडतुसामागे तीसेक सेंट, प्रायमरचे आठ-दहा, बुलेटचे पस्तीस ते पन्नास. पुंगळी जुनीच. म्हणजे वाचतात ते पस्तीस ते पन्नास सेंट. प्रेस (पुंगळी दाबायचं यंत्र), डाय (त्यात बसणारा साचा), तराजू, कॅलिपर असा बरा संच चारशे डॉलरच्या आत-बाहेर जातो. हिशेब सरळ आहे: हजारेक काडतुसं उडवल्यावर खर्च भरून निघेल. वर्षाकाठी दीड-दोनशे उडवणाऱ्यानं पैसे वाचवण्यासाठी यात पडू नये. बरं, भरणारे पैसे वाचवतात हे मला कधी पटलेलंच नाही. ते तेवढ्याच पैशात जास्त उडवतात.

भरण्याचं खरं कारण रायफलमध्ये असतं, आणि ते थ्री नॉट थ्रीमध्ये सर्वात स्पष्ट दिसतं. तिचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसायच्या जागेत, टेकतं ते बुडाच्या कडेवर. पुंगळीच्या खांद्यापुढे, म्हणजे ती मानेकडे निमुळती होते तिथं, जागा मोकळी राहते, आणि चिखलानं माखलेलं काडतूसही आत जावं म्हणून लष्करी चेंबर मुळातच ऐसपैस कापलेले. गोळी सुटली की पुंगळी त्या मोकळ्या जागेत फुगते, बुडाजवळ ताणली जाते. विकतच्या काडतुसात याची चिंता नाही, एकदाच उडवायचं आणि पुंगळी टाकून द्यायची. पण तीच पुंगळी डायमध्ये पूर्ण दाबून मूळ मापावर आणली आणि पुन्हा उडवली की ती पुन्हा ताणते. दोन-तीन खेपांत बुडाच्या वर चकाकती रेघ दिसू लागते. पुढच्या खेपेला बूड बाहेर आणि उरलेली पुंगळी चेंबरात अडकलेली.

यावर जाणकारांचा उपाय म्हणजे फक्त मानेचा भाग दाबायचा. धड त्या रायफलच्या चेंबरच्या आकाराचंच राहतं, ताण कमी होतो, पुंगळी कितीतरी जास्त वेळा चालते. अट एकच: ती पुंगळी त्याच रायफलची. दुसऱ्या एनफिल्डमध्ये ती कदाचित बसणारही नाही.

नळीचंही तसंच. .३०३ नाव असलं तरी बुलेटचा व्यास .३११ इंचाच्या आसपास, आणि झिजलेल्या नळ्या त्याहून मोठ्या भरतात. घरी भरणारा .३१२ ची बुलेट निवडू शकतो. डब्यातून येईल ते घेणाऱ्याला ती सोय नाही. इटालियन कारकानोत हे आणखी टोकाला जातं. तिची मूळ बुलेट .२६८ इंचाची, तर इतर बहुतेक ६.५ मिलिमीटर बुलेट .२६४ च्या. ‘कारकानो कुठंही मारते’ या बदनामीत चुकीच्या बुलेटचा वाटा मोठा आहे.

माउझरचं दुखणं उलटं. ८ मिलिमीटरच्या अगदी जुन्या नळ्या .३१८ इंची बुलेटच्या, नंतरच्या .३२३ च्या. जुन्या नळीत चुकून नवं काडतूस गेलं तर अनर्थ होऊ नये म्हणून अमेरिकन कारखाने ते मुद्दाम मवाळ भरतात. युरोपीय बनावटीचं पूर्ण जोराचं मिळतं. तेव्हा कोणताही डबा उघडण्याआधी नळीचं माप घ्या.

मोसिनवाल्यांचा प्रश्न एकेकाळी सोपा होता. ४४० काडतुसांचे सीलबंद पत्र्याचे डबे मातीमोल मिळायचे, भरायचं कोण डोकं लावतंय! ते दिवस संपले. २०२१ मध्ये अमेरिकेनं रशियन दारूगोळ्याच्या नव्या आयात परवानग्या थांबवल्या. जुना साठा मिळालाच, तर त्यातल्या प्रायमरमधून नळीत क्षार उरतो. तो ओलावा ओढतो आणि गंज चढतो. तेलानं तो जात नाही, पाण्यानं धुवावा लागतो, त्याच दिवशी. शिवाय पुंगळ्या बहुधा पोलादी आणि बर्डन पद्धतीच्या: आत मधोमध एका छिद्राऐवजी दोन बारीक छिद्रं, त्यामुळे नेहमीच्या डायची सुई जुना प्रायमर काढू शकत नाही. आपल्या खडकीच्या कारखान्याचा ‘केएफ’ छाप असलेली .३०३ ची जुनी काडतुसं तिकडच्या बाजारात दिसतात, तीही बर्डनच. पुण्याच्या माणसानं एखादं आठवण म्हणून ठेवावं, भरण्यासाठी घेऊ नये.

गरँडसाठी मात्र मी विकतच घ्या म्हणेन. तिचं यंत्र गोळीमागच्या वायूवर चालतं. शिकारीसाठीची जड बुलेटची, तिच्याच मापाची आधुनिक .३०-०६ काडतुसं नळीच्या टोकाकडे इतका दाब देतात की ऑपरेटिंग रॉड (यंत्र मागे ढकलणारा दांडा) वाकू शकतो. हॉर्नाडी, फेडरल, सर्बियाची पीपीयू यांची खास गरँडसाठी भरलेली काडतुसं मिळतात. घरी भरताना प्रायमर जरासा वर राहिला तर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) बंद होतानाच गोळी सुटण्याचा धोका असतो, कारण तिची फायरिंग पिन सैल असते. बोल्ट हातानं ओढायच्या रायफलवर काही वर्षं हात बसल्यावर इकडे यावं.

स्वभावही पाहावा लागतो. प्रेसवर बसून मोबाईल बघणाऱ्याला हे काम नाही. एका पुंगळीत दोनदा पावडर पडली तर रायफल फुटू शकते. छापील मॅन्युअलमधलं प्रमाण सोडून कुणी सांगितलेलं वापरू नये.

ठरत नसेल तर पहिलं वर्ष पितळी पुंगळीची, बॉक्सर प्रायमरची (आत मधोमध एकच छिद्र असलेली) नवी काडतुसंच घ्या. पीपीयूची .३०३ ची तशीच येतात. प्रत्येक रिकामी पुंगळी रायफलनुसार वेगळ्या डब्यात ठेवा, आणि दरम्यान हेडस्पेस (बोल्ट आणि काडतूस टेकतं ती जागा यांमधलं अंतर) गनस्मिथकडून तपासून घ्या. वर्षाअखेरी डब्यात तीनशेवर पुंगळ्या जमल्या तर प्रेस घ्या. पन्नास-साठच जमल्या, तर त्या एखाद्या भरणाऱ्याला विकून टाका, पितळी .३०३ ला गिऱ्हाईक असतं. आणि गन शोमध्ये कुणी पिशवीतून स्वतः भरलेली काडतुसं स्वस्तात देऊ केली, तर तो कितीही सज्जन दिसला तरी घेऊ नका.