संध्याकाळची राइड : खडकवासला की बोपदेव?

ऑफिस सुटल्यावर आमच्या सायकल क्लबात दर बुधवारी हाच वाद.

खडकवासल्याचा रस्ता बराचसा सपाट. स्वारगेटहून धरण साधारण 15 किलोमीटर. राजाराम पुलापासून धायरीपर्यंत मात्र रिक्षा, टेम्पो आणि डिझेलचा धूर. तिथं ग्रुप कसला, जो तो आपापला जीव सांभाळतो. धरण ओलांडून पानशेतकडे वळलं की खरी मजा. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिलं की वारा तो कापतो, आपण ताशी 30 नं आरामात. खड्डा दिसला की पुढचा सायकलस्वार हात खाली करून बोट दाखवतो, मागे ‘खड्डाऽऽ’ ची साखळी जाते. शेवटी भाजलेलं कणीस, लिंबू-मीठ चोळून.

बोपदेव घाटात ही आडोशाची गंमत संपते. चढावर वेगच कमी, त्यामुळे वाऱ्याचा प्रश्न कमी आणि वजनाचा जास्त. पाच मिनिटांत ग्रुप फुटतो. वर पोचलं की पुणं दिव्यांनी लखलखलेलं दिसतं, हे कबूल. पण डिसेंबरात सहालाच अंधारतं आणि उतारावर समोरच्या गाडीचा अप्पर थेट डोळ्यांत.

पाय कमवायचे तर बोपदेव, तेही रविवारी पहाटे. बुधवारी माझं मत कणसालाच.